पाचर मारून ठाण्याला

विलायतेला जाऊन आलेली माणसं परतल्यावर वर्षभर तिथल्या धुक्याबद्दल लिहितात. वाचक बिचारे धुकं न पाहताच शिंकायला लागतात. मी ठाण्याला जाऊन आलो. डोंबिवलीहून. आगगाडीत बसलं तर वर्तमानपत्र वाचून होण्याआधी ठाणं येतं, हे मला ठाऊक आहे. कृपा करून कोणी पत्र पाठवून कळवू नये. मी गेलो तो जीपमधून, रस्त्याने, आणि बराचसा प्रवास उताणा पडून, पोटावर ताकाचा तांब्या धरून केला. या पद्धतीने ठाण्याला गेलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी कारण सांगतो. आमचे घरमालक दामूशेठ पाटील. कोपरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. वाडवडिलांची मिठागरं, खाजणातल्या खारट जमिनीतली भातशेती, आणि डोंबिवलीत नवी बांधलेली चाळ. त्या चाळीत मी भाडेकरू. हायस्कुलात मी भूमिती शिकवतो, म्हणून दामूशेठ मला 'गुरुजी' म्हणतात आणि गळक्या कौलांबद्दल मी काही बोललो की अत्यंत आदराने ऐकून घेतात. ऐकून घेतात एवढंच.

दामूशेठ रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. त्यांना वाढवलं हिराआत्याने. बाई लहानपणीच विधवा झालेली, अंगाने काटक, जिभेने तिखट. यंदा पावसात मिठागराच्या बांधावरून तिचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात तिला नेली तेव्हा भाताची लावणी चालू होती. कापणी संपली तरी बाई तिथेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण आडवी निजवून न्या, आणि हिसका बसता कामा नये. जुळत आलेलं हाड पुन्हा सरकलं तर या बाई उभ्या राहायच्या नाहीत.

स्टेशनापासून गावापर्यंत बैलगाडीची वाट आहे. त्या वाटेवर धडधाकट माणसाचीसुद्धा कोणती हाडं कुठे होती ते घरी जाऊन तपासावं लागतं. म्हणून दामूशेठनी कल्याणच्या छावणीतून लिलावात निघालेली एक अमेरिकन जीप आणली. युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, पण ते जीपला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

डोंबिवली

पहिली अडचण अशी निघाली की जीप बुटकी. गावात शिरायचं तर खाजणाच्या बांधावरून जावं लागतं, आणि बांधावर भरतीचं पाणी अडवायची जी उघाडी आहे तिचे दगड जीपच्या पोटाला घासत. यावर कल्याणच्या गनीउस्तादांनी उपाय केला. उस्ताद छावणीत लष्करी लॉऱ्या दुरुस्त करत. पुढे साहेब गेले, लॉऱ्या गेल्या, उस्तादांचा रुबाब तेवढा मागे राहिला. त्यांनी चाकांजवळचे स्प्रिंगचे पोलादी पाटे ज्या कड्यांना लोंबतात त्या कड्या लांब करून घातल्या आणि जीप चांगली वीतभर उंच केली. मग चाळीसमोर आणून उभी केली आणि पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "अब देखो, मास्टर. घोडी बनवलीय घोडी."

घोडीच होती. वेग घेतला की मागून अशी थडथड उडवी, की बसणाऱ्याचे दात एकमेकांवर वाजावेत. 

याचं शास्त्र मी थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक लांब दांडा फिरत येतो. त्याला दोन्ही टोकांना सांधे. मागच्या आसाच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा, त्या गोळ्याला पुढे एक नाक, आणि दांडा त्या नाकात शिरतो. दोन्ही सांधे सारखे वाकलेले असले की दांडा गुपचूप फिरतो. पण मागच्या कड्या लांब केल्या की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, त्याच्याबरोबर आस वळतो आणि नाक वर होतं. मग एक सांधा जास्त वाकतो, एक कमी, आणि दांडा चिडतो. म्हणजे काय, की जीप उंच झाली आणि नाक वर करून चालायला लागली. अशी माणसं आमच्या डोंबिवलीतही आहेत, पण ती इतका आवाज करत नाहीत.

उस्ताद जीपखाली शिरले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "पाटा आणि आसाच्या मध्ये पाचर मारावी लागेल. दोन्ही बाजूंनी. नाक खाली येईल. माझ्या भट्टीवर कल्याणला काम होईल."

माझी बायको इंदू त्याच वेळी ट्रंक घेऊन माहेरी, म्हणजे ठाण्याला निघाली होती. मागचे कित्येक दिवस ती आणि तिची आई आत्याला दवाखान्यात डबा पोचवत होत्या. दामूशेठ तिच्यामागे धावले. "वैनी, आत्येला सांगा, आज येत नाय. आदी पाचर मारतंय, मंग बघतंय न्यायचं."

इंदूची स्मरणशक्ती दांडगी. निरोपातला एक काना इकडचा तिकडे होऊ देत नाही. लग्नात हा गुण मला फार आवडला होता.

कल्याण

प्रवाशाने कल्याणला जावं ते खाडीवरचा जुना किल्ला पाहायला, असं म्हणतात. मी पाहिलं ते जीपचं पोट. ठाकुर्लीच्या वीजघराला वळसा घालून आम्ही गेलो, आणि वाटेत उस्तादांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं की अमेरिकन माणसाला गाडी बनवता येते, पण समजत नाही.

उस्तादांच्या घरचं आदरातिथ्य मात्र मानावं लागेल. आमच्या पुण्याकडे पाहुण्याला आधी "जेवून आलात का?" विचारतात आणि उत्तराची दिशाही त्याच सुरात सुचवतात. इथे कोणी काही विचारलंच नाही. मी मासेमटण खात नाही असं कळताच घरातून नारळाच्या रसात भिजवलेल्या तांदळाच्या शेवया आल्या. मी संपवल्या. आणखी आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी उठून भट्टीपाशी जाऊन बसलो.

पाचर म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली लोखंडाची चीप. उस्तादांनी त्या घडवल्या, कानस मारून गुळगुळीत केल्या आणि जाड बाजू पुढे ठेवून बसवल्या. मी विचारलं, "जाड बाजू पुढेच का?" उस्तादांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्टर, मैंने जितनी पाचर मारलीय ना, तितके तुमने खडू नाही मोडले असणार." खडू मी बरेच मोडले आहेत, पण मोजलेले नाहीत.

रात्र तिथेच काढली. दामूशेठ मात्र झोपेनात. कुशीवर वळून वळून म्हणत, "गुरुजी, हाड सरकायचा नाय ना?" मी म्हटलं, नाही सरकायचं. कोणत्या अधिकाराने म्हटलं ते मलाच माहीत नव्हतं.

शीळ, मुंब्रा, कळवा

आत्याला न्यायची व्यवस्था अशी होती. अमेरिकन गाडी, चालक डावीकडे. उजवीकडची सीट काढून तिथपासून पार मागच्या टोकापर्यंत दामूशेठनी घराच्या दाराची एक फळी टाकली होती, त्यावर गादी. हिसके किती बसतात ते आधी कळावं म्हणून कोणीतरी त्यावर निजून जायचं ठरलं.

"गुरुजी आनि आत्ये, वजनाला येकसारखी," दामूशेठ म्हणाले.

"मोजली होतीत का?"

"मोजायला कशाला पायजे? दोघंबी वाऱ्यानं उडाल." 

आणि ताक? ती उस्तादांची अक्कल. काठोकाठ भरलेला तांब्या पोटावर धरायचा. सांडलं तर काम कच्चं, न सांडलं तर पक्कं. लष्करात असं करतात, म्हणाले. ज्या लष्कराने पोटावर ताक ठेवून युद्ध जिंकलं त्याला माझा नमस्कार.

निघताना दामूशेठनी चाकावर नारळ फोडला, उस्तादांनी हळू आवाजात बिस्मिल्ला म्हटलं. मी दोन्ही ऐकलं आणि दोन्हींची गरज आहे असं मला शीळच्या अलीकडेच पटलं. कारण जीप पूर्वीपेक्षा जोरात थडथडत होती. माझं डोकं नेमकं त्या गोळ्याच्या वर. आस काय बोलत होता ते थेट कवटीत ऐकू येत होतं. ताक पहिल्याच चढणीला सदऱ्यात गेलं.

"सांडलं," मी ओरडलो.

"किती?" उस्ताद शेजारी चाकाच्या पेटीवर बसले होते.

"तांब्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही."

शीळच्या फाट्यावर हॉटेल म्हणवणारी एक झोपडी आहे. तिथे तांब्या पुन्हा भरून घेतला, आणि गरम भजीही खाल्ली. वर्णन लिहिणाऱ्याने निसर्गाकडे दुर्लक्ष करू नये, म्हणून नोंदवतो की मुंब्र्याचा डोंगर फार सुंदर आहे. निजून पाहिला की त्याचा फक्त माथा दिसतो आणि तोही सारखा वरखाली होतो. कळव्याच्या पुलावर दामूशेठनी वेग अगदी कमी केला. त्यांची मला फक्त पाठ दिसत होती, पण चेहरा उतरलेला आहे हे पाठीवरूनही कळलं. "असा हादरा आत्येला बसला तर खेल खलास," ते म्हणाले. उस्ताद वाकून खालचा आवाज ऐकत होते.

ठाणे

ताकाने भिजलेला सदरा घालून मी दवाखान्यात शिरलो. खाटेशी इंदू अवघडून उभी होती. आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"आत्ये, आलो," दामूशेठ म्हणाले.

"कनाला आलास?"

"तुला न्यायला."

"नाय येत मी. जा."

मी इंदूला बाजूला घेतलं आणि विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही. दामूशेठचा निरोप दिला, तेव्हापासून आत्या अन्नाला शिवल्या नाहीत."

"काय निरोप दिलास?"

"जसाच्या तसा. दामूशेठ म्हणाले, आज येत नाही, आधी पाचर मारतो, मग बघतो न्यायचं."

माझ्या डोक्यात उजेड पडला. मागची हकिकत मला माहीत होती. आत्या पडायच्या आधी घरात वाद झाला होता. चाळीचं काम अडलं म्हणून मिठागराचा एक तुकडा विकावा असं दामूशेठच्या मनात. आत्याचा त्यात वाटा, आणि ती नाही म्हणाली. मग ती पडली. गावची माणसं पेरू-केळी घेऊन भेटीला येत आणि जाता जाता सांगत, दामूचं बरं झालं, आता आडवं यायला कोणी नाही. बाई ऐकत राहिली आणि तरी वाट पाहत राहिली. आणि ज्या दिवशी न्यायला यायचं त्या दिवशी निरोप काय, तर दामू पाचर मारतोय.

मराठीत पाचर मारतात ती दुसऱ्याच्या चालत्या कामात. जीपमध्येही मारतात, हे त्या बाईला कोण सांगणार?

"मना बांधाच्या पल्याडच ठेवायचा तर तसा बोल," आत्या भिंतीला म्हणाली. "पाचर कनाला मारतस? मीच नाय येत."

दामूशेठना आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा एवढा दांडगा माणूस, मिठाची पोती एका हाताने उचलणारा, खाटेशेजारी फरशीवर मटकन बसला आणि रडू लागला. "आत्ये, मिठागर गेला खाडीत. मना नको. तू नसशील तं घरात मी कोनाला हाक मारू?"

आत्या वळली नाही.

दामूशेठ उठले, डोळे पुसले आणि तडक बाहेर गेले. मला वाटलं, बिचारा गेला मोकळ्या हवेत. बऱ्याच वेळाने परत आले ते कोपरापर्यंत काळे, धोतर ग्रीसने माखलेलं, आणि हातात ती पाचर. आवारात जीपखाली शिरून त्यांनी स्वतः सोडवली होती. सरळ आत्याच्या पांढऱ्या चादरीवर ठेवली. नर्सबाईंचा चेहरा मी पाहिला नाही, धीर झाला नाही.

"ही मारली," दामूशेठ म्हणाले. "तुला हिसका नको म्हून. बघ."

आत्याने हळूच मान वळवली. मग हात बाहेर काढला, पाचर उचलली, वजन करून पाहिली. "ही तं लोखंडाची हाय."

"मग कशाची असणार, चाची?" उस्ताद पुढे सरसावले. आपली कारागिरी समजावून सांगायची संधी त्यांनी कधी दवडलेली नाही. डावा हात आडवा धरून म्हणाले, "हा पाटा." मग माझा हात ओढून आपल्या हाताखाली घेतला. "हा आस. मास्टर, बोट पुढे करा, हे नाक."

"नाय उस्ताद," दामूशेठ म्हणाले. "गुरुजींचा हात वर पायजे. मी आत्ता बघून आलो ना. जीपचा पाटा खाली हाय, आस त्याच्यावर बसलाय."

"हो हो, तेच," उस्ताद म्हणाले आणि माझा हात आपल्या हातावर ठेवला. मध्ये पाचर सारली. जाड बाजू पुढे.

माझं बोट छताकडे गेलं.

आम्ही तिघेही त्या बोटाकडे बघत राहिलो. लॉरीचा पाटा आसाच्या वर असतो. तिथे जाड बाजू पुढे घातली की नाक खाली जातं. उस्तादांचा जन्म लॉरीखाली गेला होता. जीपला तीच पाचर तशीच घातली आणि आधीच वर असलेलं नाक आणखी वर गेलं. आणि मी, वर्षानुवर्षं मुलांकडून व्युत्क्रम कोन समान असतात हे घोकून घेणारा, त्याच कोनांवर दिवसभर निजून आलो होतो, ताकासकट.

"म्हंजे उलटी मारलीस व्हय रं?" आत्या म्हणाली.

"चूक लॉरीची आहे," उस्ताद म्हणाले.

आणि आत्या हसली. हसताना मांडी दुखली, तशी कळवळली, उस्तादांना एक शिवी दिली आणि पुन्हा हसली. मग दामूशेठच्या ग्रीसने माखलेल्या हातावर आपला हात ठेवून म्हणाली, "निरोप तरी नीट धाडावा ना, मेल्या. रातभर डोल्याला डोला नाय लागला."

इंदू म्हणाली, "मी नीटच दिला होता."

परत

सकाळी उस्तादांनी दोन्ही पाचरी फिरवून बसवल्या, जाड बाजू मागे. दवाखान्याच्या आवारात जीप दोन फेऱ्या फिरली. आवाज नाही, थडथड नाही. इंजिन चालू आहे की बंद पडलं म्हणून मी वाकून पाहिलं. जीपने नाक खाली केलं होतं, आणि उस्तादांनीही, थोडा वेळ.

आत्याला फळीवर निजवली. मी आणि उस्ताद चाकाच्या पेटीवर, एकमेकांच्या मांडीत. उस्तादांनी भरलेला तांब्या पुढे केला आणि पोटावर ठेवायला सांगितलं.

"कनाला?" आत्याने विचारलं.

"सांडतं का बघायला."

आत्याने तांब्या घेतला, मान जराशी उचलून घटाघटा ताक पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या उस्तादांच्या हातात दिला. "आता नाय सांडत," म्हणाली. कळवा मागे पडलं, मुंब्रा मागे पडलं, शीळला आम्ही थांबलोसुद्धा नाही. मी सारखा तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कुठे कपाळाला आठी पडते का, ओठ दाबले जातात का. मध्येच तिने डोळे मिटले तेव्हा मी घाबरलो. मग घोरण्याचा आवाज आला.

बांधापाशी मी आणि उस्ताद उतरलो. दामूशेठ आणि फळीवर आत्या, एवढेच जीपमध्ये, आम्ही मागे चालत. दोन्हीकडे खाजण, भाताची खोडं, पलीकडे खाडी चकाकत होती. उघाडीच्या दगडांवर जीप चढली तेव्हा दामूशेठनी श्वास रोखला असावा, कारण मीही रोखला होता. पोट घासलं नाही. पलीकडे उतरल्यावर आतून आवाज आला, "दाम्या, उघाडीची फली सडली रं. बदलली का नाय?" दामूशेठ म्हणाले, "बदलतंय, आत्ये," आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून तिथेच थोडा वेळ बसून राहिले.

गावात तांदळाची भाकरी आणि वांग्याचं कालवण जेवलो. माझ्यासाठी बोंबील बाजूला काढून ठेवले होते. कालवणात त्यांचा वास उरला होता, तो मी सोडून दिला.

हे होऊनही आता बरेच महिने झाले. हाड जुळलं, पण मोडलेला पाय बोटभर आखूड राहिला, त्यामुळे आत्या उभी राहिली की एका अंगाला कलायची. दामूशेठ काही दिवस तिच्या चालीकडे बघत राहिले, मग चांभाराकडे बसून त्या पायाच्या वहाणेखाली चामड्याची पाचर शिवून आणली. एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती. घालण्यापूर्वी त्यांनी ती मला आणून दाखवली. जाड बाजू टाचेकडे आहे याची आम्ही दोघांनी दोनदा खात्री केली. कौलं अजून गळतात.

परवा मिठागराच्या बांधावर गेलो होतो. आत्या समोरून चालत आली, काठीशिवाय, ताठ. माझ्याबरोबर आमच्या शाळेचे नवे हेडमास्तर होते, पुण्याचेच. त्यांनी सौजन्याने विचारलं, "आता प्रकृती कशी आहे, आजी?"

"बरी हाय," आत्या म्हणाली. "आमच्या दाम्यानं पाचर मारली, म्हून चालतंय."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याच्या वहाणेकडे बोट दाखवलं. पण आत्या आम्हाला ओलांडून निघून गेली होती.